समितीने ठरवून दिलेला भाऊ

मी हॉटेलात हाउसकीपिंग बघते. रोज सकाळी लोकांच्या चादरी माझ्या हाताखालून जातात, आणि माणूस चादरीला काय काय पुसतो हे ज्याने पाहिलंय त्याला पुढे फारसं काही घाण वाटत नाही. पान, हळद, मेंदी, ओकारी, आणखी कसलं कसलं. सोडा टाकायचा, उकळतं पाणी ओतायचं, की झालं. म्हणून मला वाटायचं, आपण आता शिसारीच्या पलीकडे गेलो. कसचं काय! गेल्या श्रावणात जी शिसारी आली ती अजून घशाशी आहे, आणि ती काही चादरीची नव्हती.

आमचं हॉटेल बुऱ्हाणपुरात स्टेशनच्या रस्त्यावर. केळीचे व्यापारी उतरतात, कापडाचे दलाल उतरतात, किल्ला बघायला आलेली माणसं उतरतात, लग्नसराईत तर वऱ्हाडंच्या वऱ्हाडं. मी जैनाबादची, तापीचा पूल ओलांडून येते. नवरा नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये होता, आता रिटायर होऊन घरी टीव्हीतल्या माणसांशी भांडतो. पोरं बाहेरगावी. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा काम बरं, म्हणून मी हॉटेलात लागले आणि तिथेच केस पांढरे केले.

शेठजींना मागच्या बाजूला मोठा हॉल बांधायचा होता, लग्नांसाठी. त्याला बँकेचं कर्ज पाहिजे. शिवाय इंदूरकडची एक मोठी हॉटेल कंपनी आपली पाटी आमच्या दारावर लावायला तयार होती. ती पाटी लागली की खोल्यांचं भाडं वाढणार, गिऱ्हाईक बदलणार, म्हणून शेठजींचा जीव त्या पाटीत अडकलेला. पण बँक आणि कंपनी दोघांनीही एकच गोष्ट सांगितली: आधी तुमचे कायदे नीट करा. आता आमच्याकडे कायदा म्हणजे काय, तर इन्स्पेक्टर आला की त्याला जेवू घालायचं. बिलात सर्व्हिस चार्ज जबरदस्तीने लावायचा नाही असं वरून आलं, तेव्हा शेठजींनी काय केलं? त्याचं नाव बदललं आणि तोच पैसा वेगळ्या ओळीत लावला. अशा माणसाला आता नवे कामगार कायदे पाळायचे होते.

त्यासाठी इंदूरहून एक सल्लागार आला. गोरा, गुळगुळीत, सारखा हात पुसणारा. त्याने सगळ्यांना नेमणुकीची पत्रं दिली. माझे केस पांढरे झाल्यावर मला कळलं की मी या हॉटेलात नेमलेली आहे! मग तो म्हणाला, दहाच्या वर माणसं कामाला असली की बायकांच्या तक्रारींसाठी एक समिती लागते. कुणी बाईला त्रास दिला, अंगाशी आला, तर तिने तिथे तक्रार करायची आणि समितीने चौकशी करायची. अध्यक्ष बाईच पाहिजे, तीही नोकरीतली सगळ्यात वरची. म्हणजे मी.

बाकी सभासद कोण, तर आमचे हिशेब बघणारे काका, आणि स्वयंपाकघरातला महाराज. महाराजने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, मला काय करायचंय?" म्हटलं, "मान हलवायची." बाहेरची एक सभासदही लागते, समाजसेवा करणारी. शेठजींनी आपल्या बायकोची किटी पार्टीतली मैत्रीण आणली. ती थंडीत ब्लँकेटं वाटते आणि प्रत्येक ब्लँकेटासोबत फोटो काढते. आम्हा सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं, समोर समोसे ठेवले, फोटो घेतला. आमच्या नावांची सोनेरी अक्षरांची पाटी रिसेप्शनशेजारी लावली, तिचाही फोटो घेतला, आणि सल्लागार इंदूरला गेल्यावर ती काढून पाण्याच्या कूलरमागे टांगली. पाहुण्यांना कशाला दिसायला पाहिजे, असं शेठजी म्हणाले.

पण कूलरवर पाणी प्यायला सगळेच येतात. रिसेप्शनवरची पोरगीही येत होती.

ती चांदनी गावची. सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने जायची. घरी थोडी केळीची शेती, बाप, आई, शाळेत जाणारा धाकटा भाऊ. बाहेरून बी.ए. करत होती. बोलायला गोड, आणि हसली की समोरचा व्यापारी भांडायला आलेला विसरून जायचा. एक दिवस ती माझ्या चादरींच्या खोलीत आली, दार लोटलं आणि म्हणाली, "ताई, त्या पाटीवरचं खरं आहे का?"

"कशाचं?"

"तक्रार करता येते, ते."

मी हातातली उशीची खोळ खाली ठेवली. म्हटलं, "बोल."

तिने सांगितलं. हॉल आणि लग्नांचं सगळं बघणारा जो मॅनेजर, तो शेठजींचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा भाऊ. सगळा स्टाफ त्याला मामाजी म्हणायचा. त्याने तिला काचेच्या भांड्यांच्या खोलीत प्लेटा मोजायला बोलावलं, मागून दार लावलं आणि तिला कमरेला धरलं. "चिल्लाएगी तो नौकरी जाएगी," म्हणाला. तिने हातातल्या प्लेटा सोडून दिल्या. आवाज झाला, माणसं धावली, आणि प्लेटा फोडल्या म्हणून तिलाच सगळ्यांसमोर बोलणी बसली. बोलणी कोणी दिली? त्यानेच. त्याआधीचे फोनवरचे मेसेज तिने मला दाखवले. मी दोन वाचले आणि फोन परत दिला. पान खाऊन बोलणाऱ्या तोंडाचा वास असतो ना, तसा वास त्या अक्षरांना येत होता. शी!

मी म्हटलं, "लिहून दे. मी बसले आहे अध्यक्ष म्हणून, मेलेली नाही."

तिने लिहून दिलं. मी तो कागद घेऊन शेठजींकडे गेले. त्यांनी वाचला, चष्मा काढला, आणि मला म्हणाले, "ताई, तुम्हीसुद्धा? आता? हॉल उभा राहतोय, कंपनीची माणसं येणार आहेत!" मुलीला काय झालं हे एका शब्दाने विचारलं नाही. नंतर आवाज खाली आणून म्हणाले, "घर की बात है, घर में रहने दो."

म्हटलं, "शेठजी, समिती तुम्हीच काढली. आता तिला काम करू द्या."

समिती बसली. सल्लागार फोनवर होता, स्पीकर लावून. तो म्हणाला, "कायद्यात समेटाची सोय आहे. चौकशीआधी बाईनेच मागितलं तर समेट करता येतो. फक्त पैशाची देवाणघेवाण नको." आणि मग शेठजींना ती कल्पना सुचली. त्यांचा चेहरा असा उजळला, की बघून मला वाटलं यांच्या कर्जावर सही झाली.

"राखी पुनव तोंडावर आली," ते म्हणाले. "मुलगी त्याला राखी बांधेल. भाऊ झाला, की विषय संपला!"

सुंठीवाचून खोकला गेला! हिशेबाच्या काकांनी सुस्कारा सोडला. महाराजने मान हलवली. किटी पार्टीवाली तर टाळी वाजवून म्हणाली, "अय्या, किती सुंदर! थाळी मी सजवून आणते."

हे त्यांच्याच डोक्यातून निघालं असं कुणी समजू नये. आमच्याकडे हा उपाय जुना आहे. गल्लीत पोराने पोरीची छेड काढली, की चार शहाणी माणसं जमायची, तिच्याच हातून त्याला राखी बांधवायची, पेढा खायची आणि आपापल्या घरी जाऊन जेवायची. पोरीला कुणी विचारायचं नाही. तिने काय करायचं, तर ज्या हाताने तिला ओढलं त्याच हाताला कुंकू लावायचं. लहानपणापासून मी हे बघत आले, आणि कुणाला ओकारी कशी येत नाही याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

मी म्हटलं, "कायदा म्हणतो, तिने मागितलं तर. तिने कुठे मागितलं?"

फोनमधला सल्लागार शांतपणे म्हणाला, "तर मग तिच्याकडून लिहून घ्या, मॅडम." कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं. मी ठणकावून सांगितलं की मला हे मान्य नाही, आणि तसं लिहून सही केली. बाकी सगळ्यांनी हात वर केले.

तरी मला आशा होती की मुलगी नाही म्हणेल. तीच धास्ती त्यांनाही होती, म्हणून त्यांनी तिच्या बापाला बोलावलं. तो केळीची एक फणी शेठजींसाठी घेऊन आला. काय म्हणावं! पोरीची अब्रू निघालेली, आणि हा हातात फणी घेऊन दारात उभा. त्याला थंड पाणी दिलं, खुर्ची दिली. शेठजींच्या केबिनमध्ये बराच वेळ बोलणं झालं. तो बाहेर आल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं.

"भाऊ, पोरीचं ऐकलंत का तुम्ही?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऐकलं ना बाई. पण ठाण्यात नाव गेलं तर तिला कोण करील? राखी बांधली म्हणजे नातं पवित्र होतं. लोक काय म्हणतील, बहीण-भाऊ आहेत. माझ्या हातात दुसरं काय आहे, सांगा."

मला त्याची कीव आली आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदम. कीव यासाठी की तो घाबरलेला होता. राग यासाठी की तो पोरीला घाबरवत होता. तिने त्या संध्याकाळी लिहून दिलं की समेट माझ्याच इच्छेने होतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर सही.

राखी नव्या हॉलमध्ये बांधली. भिंतींचा रंग ओला, वास डोक्यात जाणारा. सगळ्या स्टाफला बोलावलं होतं. मामाजी रेशमी कुडता घालून आला, कपाळावर टिळा, तोंडात विडा. पाटावर बसला आणि हात पुढे केला. असा केला, जणू काही दान देतोय. पोरगी गुडघ्यांवर बसली. तिने गाठ मारली तेव्हा तिचं अंग त्याच्यापासून जेवढं लांब ठेवता येईल तेवढं लांब होतं, फक्त बोटं पुढे. किटी पार्टीवाली म्हणाली, "जवळ बस ना गं, फोटोत येत नाहीस."

मग त्याने तिला पेढा भरवला. स्वतःच्या बोटांनी. तिने तोंड मिटून घेतलं होतं, तर बोटाने ओठ उघडले आणि पेढा आत सारला, आणि बोट लगेच काढलं नाही. हे मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर गेले आणि नव्या मोरीत खरोखरच ओकले.

पुढचं ऐका. आता तो भाऊ झाला होता! आधी जे लपून करायचा ते आता उजेडात करायला मोकळा झाला. येता-जाता तिच्या डोक्यावर हात. मग खांद्यावर. मग पाठीवर, आणि तिथून हात उचलायची घाई नाही. "किससे बात कर रही है? भाई हूँ, पूछूँगा नहीं क्या?" म्हणत तिचा फोन काढून घ्यायचा. संध्याकाळी स्टेशनवर सोडतो म्हणून गाडीचं दार उघडून उभा राहायचा, आणि ती चालत निघाली तर गाडी तिच्याबरोबर हळूहळू चालवायचा. मनगटावर राखी, कारण आमच्याकडे ती पोळ्यापर्यंत काढत नाहीत. हात वर करून सगळ्यांना दाखवायचा.

मी पुन्हा शेठजींकडे गेले. ते माझ्यावरच उलटले. "भावाच्या हातात खोट काढता, ताई? तुमचंच मन घाण आहे." चोराच्या उलट्या बोंबा! समिती पुन्हा बसवा म्हटलं, तर म्हणे आता चौकशी कसली, समेट झालाय, कायद्याने झालाय, फोटो आहेत. माझ्या आयुष्यात मी इतकी स्वच्छ घाण पाहिली नव्हती.

मुलीला म्हटलं, "ठाण्यात चल. महिला डेस्क आहे तिथे. मी येते बरोबर."

ती म्हणाली, "बाबा घरात घेणार नाहीत."

"तू ठरव. मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही, ती करणारे पुष्कळ आहेत. ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी येईन." ती माझ्यासोबत उशांच्या खोळी चढवत बसली.

गोकुळाष्टमीला हॉलचं उद्घाटन. चांगला दिवस म्हणून तो निवडला. बँकेचे लोक पहिल्या रांगेत, कंपनीतर्फे इंदूरहून एक मोठ्या हुद्द्याच्या बाई आलेल्या, रिबन त्या कापणार. दराबा, मावा जिलेबी, आमच्या गावच्या मिठायांचे ढीग लावलेले. रिबनच्या कात्रीचं तबक धरून उभं राहायला कोण? रिसेप्शनवरचीच पोरगी, साडी नेसून. आणि तिच्या शेजारी आमचे मामाजी, पाहुण्यांचं स्वागत करायला.

त्या बाईंना तो म्हणाला, "मॅडम, ये हमारी छोटी बहन जैसी है. यहाँ सब परिवार है." आणि बोलता बोलता त्याचा राखीचा हात तिच्या पाठीवर गेला, पदराखाली, आणि तिथून खाली. मी मागच्या बाजूला उभी होते, मला स्वच्छ दिसत होतं. शेठजींनाही दिसत होतं. ते हसत होते.

मुलीने तबकातली कात्री उचलली.

मला वाटलं आता ही खुपसते, खोटं कशाला सांगू. तिने त्याचं मनगट पकडलं, पाठीवरून पुढे ओढलं, आणि राखी कापली. एका झटक्यात. तो एवढा दचकला की हात सोडवायचंही विसरला. राखी तबकात पडली. ती त्या इंदूरच्या बाईंना म्हणाली, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "मॅडम, हा माझा भाऊ नाही. याने मला भांड्यांच्या खोलीत कोंडलं होतं. मी तक्रार केली तर याला भाऊ करून दिला. आता भाऊ म्हणून हात लावतो."

आणि मग काय झालं ते ऐका, कारण मला सगळ्यात जास्त किळस त्याचीच आली. स्टाफमधल्या ज्या बायका तिच्या तक्रारीवर "जाऊ दे गं, होतं असं" म्हणाल्या होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवले. किटी पार्टीवाली किंचाळली, "अगं, राखी कापतात का कुणी! केवढं अशुभ!" शेठजींची बायको भावाच्या अंगावरून हात फिरवत रडायला लागली. हिशेबाचे काका म्हणाले, सणाच्या दिवशी असं करायला नको होतं. तिला कोंडलं तेव्हा अशुभ नव्हतं. पेढा कोंबला तेव्हा अशुभ नव्हतं. दोरा तुटला, तर सगळ्यांचा धर्म बुडाला! थू तुमच्या जिनगानीवर, म्हटलं. मनात नाही, मोठ्याने म्हटलं.

शेठजी त्या इंदूरच्या बाईंना सांगत होते, "लड़की की तबीयत ठीक नहीं है." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग तबकाकडे, आणि रिबन न कापता खुर्चीवर जाऊन बसल्या. पुढे पाटीचं काय झालं, कर्जाचं काय झालं, मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही. मी पुढे गेले, मुलीच्या हातातली कात्री काढून तबकात ठेवली आणि तिला विचारलं, "चलायचं?"

"चला," ती म्हणाली.

रस्त्यावर रिक्षा मिळाली. ठाण्याचं नाव सांगितलं तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि गाणं बंद केलं. मी तिचा हात हातात घेतला. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. बापाचं काय होईल, नोकरीचं काय होईल, असलं काहीतरी विचारेल असंही वाटलं. चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली, समोर गोविंदा पथकाच्या पोरांचा गोंधळ चाललेला, तेव्हा ती हळूच बोलायला लागली.

"ताई, बाबांनी एका पुड्यातल्या दोन राख्या आणल्या होत्या. सारख्याच. एक इथली, आणि एक घरी भावाच्या हातात आहे. तो ती पोळ्यापर्यंत काढणार नाही म्हणतो, शाळेत सगळ्यांना दाखवतो." "मला ती बघवत नाही. जेवायला बसलो की मी त्याच्याकडे पाठ करते. काल तो विचारत होता, दीदी, माझं काय चुकलं?"